सहाशे जीबीचं शुभमंगल

कॉम्प्युटर म्हातारा झाला हे त्याचं त्याला कधीच कळत नाही. माणसाचं तसं नसतं. गुडघा बोलायला लागतो, चष्म्याचा नंबर वाढतो, आणि एक दिवस चक्क विरार लोकलमध्ये कुणीतरी उठून "बसा काका" म्हणतं. मग शंकेला जागा उरत नाही. कॉम्प्युटरला यातलं काही होत नाही. २०१२ साली जे काम तो जितक्या वेळात करायचा, तेच काम तो आजही तितक्याच वेळात करतो. बदलतात ते आजूबाजूचे लोक. कुणीतरी नवा कॅमेरा घेतो, त्याचं कार्ड घेऊन आपल्या दुकानात येतो, आणि त्या दुपारी आपला कॉम्प्युटर म्हातारा होतो.

बोरिवली पश्चिमेला वझिरा नाक्याजवळच्या एका गल्लीत माझा फोटो स्टुडिओ आहे. पुढच्या बाजूला पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्स, मागे पडद्याआड मिक्सिंग. लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग करतो त्याला आमच्या धंद्यात मिक्सिंगवाला म्हणतात. त्यामुळे जावई सिमेंटच्या धंद्यात आहे असा माझ्या सासऱ्यांचा बरीच वर्षं समज होता, आणि खरं काय ते कळल्यावर ते जरा हिरमुसले.

मिक्सिंगचं मशीन २०१२ साली लॅमिंग्टन रोडवरून असेंबल करून आणलं होतं. थर्ड जनरेशनचा आय-सेव्हन, आठ जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क. ते बघायला पलीकडच्या गल्लीतले स्टुडिओवाले आले होते. "पाचशे जीबी? एवढ्याचं करणार काय?" असं एकाने विचारलं होतं, आणि त्या प्रश्नात कौतुक आणि जळफळाट सारख्याच प्रमाणात होता. आज दुकानातला मुलगा सकाळी तेच मशीन चालू करतो, वडापाव आणायला जातो, येतो, खातो, हात धुतो आणि मग स्क्रीनकडे बघून म्हणतो, "काका, उठला."

पण मशीनवर अन्याय नको. हिशेब मांडून बघा. मिनी-डीव्ही टेपचा जमाना होता तेव्हा टेपचा एक तास कॉम्प्युटरवर घेतला की १३ जीबी व्हायचा. लग्नाला कॅमेरा एक. त्याच्यामागे हॅलोजन धरलेला पोरगा, आणि त्या उजेडात डोळे मिचकावत जिलेबी खाणारं वऱ्हाड. तीन टेपा संपल्या की लग्न लागलं असं समजायचं. चाळीसेक जीबी. पाचशेच्या डिस्कवर एक डझन लग्नं सुखाने नांदायची.

आता फोर-के आलं. फोर-केच्या एका चौकटीत सुमारे ८३ लाख ठिपके असतात, साध्या फुल एचडीच्या चौपट. आणि अशा २५ चौकटी सेकंदाला. साधारण कॅमेरासुद्धा तासाला ४५ जीबी लिहितो. तीन कॅमेरे, प्रत्येकी साडेचार तास, म्हणजे सहाशे जीबी. ज्या डिस्कवर डझनभर लग्नं मावायची तिच्यावर आज एक मावत नाही. मंगलाष्टकं आत होतात, वरात बाहेर राहते. त्यातून नवे कॅमेरे फाइल इतकी घट्ट घडी घालून देतात की ती उलगडायला प्रोसेसरमध्ये वेगळी सोय लागते, आणि ती २०१२ च्या प्रोसेसरमध्ये नाही. बिचारा एक चौकट दाखवतो, विचार करतो, मग थेट आठ सेकंद पुढची दाखवतो. नवरी हार घेऊन पुढे येते ती एकदम आइस्क्रीम खाताना दिसते.

आणि एवढे जीबी खर्चून टिपायचं काय, तर अंतरपाट. स्लो मोशनमध्ये. अंतरपाट खाली यायला आता इतका वेळ लागतो, की तेवढ्यात त्या दोघांचं पहिलं भांडण होऊन मिटेलसुद्धा. अक्षतांचा दाणा न् दाणा वेगळा दिसला पाहिजे असा आग्रह असतो. मागच्या रांगेतल्या काकांनी नेम धरून भटजींच्या डोक्यावर मारलेली मूठही त्यात स्पष्ट दिसते, हा त्यातला माझा फायदा.

उपनगरात धंदा करणारा माणूस लग्नं जीबीत मोजतो. मराठी लग्न त्यातल्या त्यात काटकसरी. बारा बत्तीसचा मुहूर्त, दीडला पंगत, चारला हॉलवाला दिवे घालवायला लागतो. घाटकोपर-मुलुंडकडचं गुजराती लग्न तीन दिवस चालतं, संगीताच्या रात्री प्रत्येक मासीचा डान्स असतो, आणि फायनल व्हिडिओत एकही मासी कापायची नसते. कापलीच तर ती मासी स्वतः फोन करते. आय. सी. कॉलनीत चर्चमधला भाग आटोपशीर असतो, पण रिसेप्शनला टोस्ट देणारे अंकल माइक हातात आला की नवऱ्याच्या बाप्तिस्म्यापासून सुरुवात करतात. गोराई-वर्सोव्याच्या कोळीवाड्यात लग्नाचं काही नाही, खरी असते ती हळद. तिथे कार्ड संपतं, बॅटरी संपते, कॅमेरामन संपतो. बँड संपत नाही. आणि अंधेरी. ओशिवरा-लोखंडवाल्याकडचा नवरा सिनेमात काम करत असतो किंवा पुढच्या महिन्यापासून करणार असतो. तो मंडपातूनच मला सांगतो, "ब्रो, सप्तपदीचा कलर जरा थंड ठेव." होमाच्या ज्वाळा थंड कशा ठेवायच्या हे मी अजून त्याला विचारलेलं नाही.

या सगळ्यांना जुन्या मशीनने आजवर तोंड दिलं त्याचं श्रेय आमच्या मेकॅनिकला. त्याची सगळी वैद्यकी एका खोडरबरात सामावलेली आहे. मशीन चालू होत नाही, मशीन तीनदा शिटी वाजवतं, मशीन मधेच निळं पडतं: तो कॅबिनेट उघडतो, रॅमची पट्टी उपसतो, तिचे सोनेरी दात शाळेतल्या पोरासारखा जीभ बाहेर काढून खोडतो, परत खोचतो, आणि मशीन चालू होतं. दमट हवेत त्या दातांवर पुटं चढतात, एवढं साधं त्यामागचं शास्त्र. एकदा मात्र खोडरबराने भागेना. तेव्हा पॉवर सप्लाय उघडला आणि आतून पाल निघाली. जिवंत होती. उबेला येऊन राहिली होती आणि बाहेर काढल्याचा तिला स्पष्ट राग आला होता.

उबेची सवय तिला एकटीलाच नव्हती. व्हिडिओ रेंडरला लावला की मशीन रात्रभर तापतं आणि मागच्या पंख्यातून गरम वारा सोडतं. जुलै महिन्यात बोरिवलीत मोजा वाळवायची दुसरी सोय नाही. सीझनमध्ये मशीन मी घरी आणतो, आणि "आज रेंडर आहे का?" असं बायको विचारते तेव्हा तिला माझ्या कामाची काळजी असते हा माझा गैरसमज मुलीच्या शाळेच्या पहिल्या पावसाळ्यातच दूर झाला. रेंडर चालू असताना घरात सुतक पाळल्यासारखं वातावरण असतं. मिक्सर लावायचा नाही, गीझर लावायचा नाही, पाहुण्यांनी त्या खोलीत जाऊन "हे बटण कसलं?" असं विचारायचं नाही. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी ग्रिड पडली आणि अख्ख्या मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. त्या दिवशी हॉस्पिटलं, रेल्वे, शेअर बाजार यांचं काय होणार याची चर्चा सगळा देश करत होता. आमच्याकडे पन्नास माणसांच्या परवानगीतलं एक लग्न रेंडरला होतं आणि यूपीएस दहा मिनिटांचा होता.

तर असं सगळं रडतखडत चालू असताना बातमी आली की १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज टेनचा आधार संपणार. इलेव्हन टाकावं तर ते निदान आठव्या जनरेशनचा इंटेल आणि टीपीएम नावाची एक चिप मागतं. आमच्या तिसऱ्या जनरेशनला यातलं काही नाही. मायक्रोसॉफ्टच्या तपासणीने तसं नम्रपणे कळवलं. मी आईला म्हटलं, मशीन बदलावं लागेल. आई म्हणाली, "चालतंय ना?" म्हटलं, चालतंय. "मग?"

या "मग?"ला उत्तर नाही. फ्रिज, पंखा, टीव्ही, सासू, सरकार, कशालाही आपल्याकडे आधी हा प्रश्न विचारला जातो.

तरी मी चिकाटी धरली. तेव्हा कळलं की कॉम्प्युटर कधी घ्यायचा हे लॅमिंग्टन रोड ठरवत नाही, पंचांग ठरवतं. सप्टेंबरात पितृपक्ष लागला. नवीन काही घ्यायचं नाही. २२ सप्टेंबरला घटस्थापना आणि त्याच दिवशी जीएसटीचे नवे दर. सोसायटीतले एक निवृत्त बँकवाले म्हणाले, "थांब, सगळं स्वस्त होतंय." आम्ही थांबलो. मोठे टीव्ही आणि मोठे मॉनिटर २८ टक्क्यांवरून १८ वर आले. कॉम्प्युटर आधीपासूनच १८ वर होता, तो तिथेच राहिला. बँकवाल्यांनी नवा टीव्ही घेतला. मग २ ऑक्टोबरला दसरा, साडेतीन मुहूर्तांतला एक. पण आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आईने जुन्या मशीनची पूजा केलेली. दरवर्षी करते. डीव्हीडी रायटरच्या दारावर तेरा वर्षांचं हळदकुंकू साठलेलं आहे आणि झेंडूच्या पाकळ्या पंख्यातून थेट मदरबोर्डापर्यंत पोचतात. "काल ज्याला फूल वाहिलं त्याला आज बाहेर काढणार?" या प्रश्नापुढे कुठलाही प्रोसेसर टिकला नसता. दिवाळीत आकाशकंदील आणि फोटोफ्रेमची ऑर्डर. मग तुळशीचं लग्न झालं आणि माणसांची सुरू झाली. मार्गशीर्षात श्वास घ्यायला फुरसत नाही.

मग लागला पौष. पौषात लग्नं नाहीत, म्हणजे मला वेळ. पण पौषात नवी वस्तू घ्यायची नाही. पौष संपला की वस्तू घेता येते. पण तेव्हा लग्नं सुरू होतात, म्हणजे वेळ नाही. हे कोडं ज्याने रचलं त्याच्या घरी नक्कीच फोटो स्टुडिओ असणार.

इथे मध्येच एक प्रकरण आमच्या हिचं. ती म्हणाली, एवढे पैसे घालायचे तर आधी तिजोरीचं काय ते सांग. मी तिला दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली. १९१२ साली त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडन गाठलं, विल्यमसनचा कॅमेरा आणला, आणि दुसऱ्या वर्षी ३ मे रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. सरस्वतीबाई रात्र रात्र बसून कोऱ्या फिल्मला कडेची भोकं पाडायच्या, वर सगळ्या युनिटचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. भोकं संपेपर्यंत ही शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "फाळक्यांनी राजा हरिश्चंद्र काढला. तू लोकांच्या केळवणाला मागून म्युझिक लावतोस."

यावर मला काही सुचलं नाही, हे मान्य केलं पाहिजे. पण दुसऱ्या दिवशी तिनेच एफडी मोडायला हरकत नाही असं कळवलं. अट एकच: मोज्यांची सोय नव्या मशीनमध्येही राहिली पाहिजे.

सल्ल्यांना तोटा नव्हता. अंधेरीला आरामनगरात एडिटिंग करणारा जुना मित्र म्हणाला, "मॅक घे, आयुष्यभर बघायला नको." त्याच्याकडे मॅक आहे आणि तो तो हप्ते भरताना रोज बघतो. भाचा पुण्याला आयटीत, तो म्हणाला, "मामा, सगळं क्लाउडवर टाक." सहाशे जीबीचं एक लग्न वझिऱ्याच्या वायफायने ढगात चढवायला लागलो तर वर पोचेपर्यंत बारसं होईल. फोटोशॉप सेव्हनवर अल्बम करणारे शेजारच्या गल्लीतले एक ज्येष्ठ मात्र ठाम होते. ते २००२ चं सॉफ्टवेअर. "माझं अजून चालतंय," ते म्हणाले. खरंच चालतं. बारा बाय छत्तीसचं पान, गुलाबाच्या पाकळीतून डोकावणारी नवरी, चंद्रात नवरा. गिऱ्हाइकं हल्ली तेच पुन्हा मागायला लागली आहेत, 'रेट्रो' म्हणून, आणि त्यांनी दर वाढवला आहे.

पौषाचं कोडं शेवटी आईनेच सोडवलं. म्हणाली, "नवीन आणायचं नाही. दुरुस्तीला काय हरकत आहे?" म्हटलं, आई, कॅबिनेटपासून केबलीपर्यंत सगळं बदलणार आहे. ती म्हणाली, "जुन्यातला एक स्क्रू नव्यात घाल. म्हणजे दुरुस्ती."

शास्त्रार्थ इतका निर्दोष होता की मी जुन्या कॅबिनेटचा एक स्क्रू काढला, कागदाच्या पुडीत बांधला आणि स्लो लोकल पकडली. फास्ट ग्रँट रोडला थांबत नाही.

लॅमिंग्टन रोडला पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणतात आणि टॅक्सीत बसून कुणी म्हणत नाही. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ इथला गव्हर्नर होता. चार वर्षांच्या नोकरीवर एवढं नाव टिकलेला माणूस विरळा. हा रस्ता मुळात सिनेमाचा. नाझच्या इमारतीत वितरकांची ऑफिसं, पुढे अप्सरा, आणि मिनर्वा, जिथे 'शोले' पाच वर्षं चालला. मला नेहमी वाटतं, माझं मशीन तेरा वर्षं चाललं, पण त्याच्यावर कुणी लेख लिहिला नाही. आता तिथे फुटपाथवर केबली लोंबतात, दुकानं माणूस आडवा झाला की भरतात, आणि काउंटरमागच्या माणसाला आपण काय मागणार हे आपल्याआधी माहीत असतं.

"बोलो शेठ." मी यादी दिली. त्याने ती वाचली, आणि रॅमपाशी आल्यावर डॉक्टर एक्स-रे बघताना थांबतो तसा थांबला. "ये रेट सुबह का है." म्हटलं, आता अकराच वाजलेत. "हां, वही बोला."

गोष्ट अशी झाली होती की आम्ही इकडे पितृपक्ष पाळत होतो तेव्हा तिकडे एआयवाल्यांनी जगातली मेमरी उचलायला सुरुवात केली होती. चिपा बनवणाऱ्या कंपन्यांनी आपला माल डेटा सेंटरांकडे वळवला. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर करून टाकलं की क्रुशल नावाने साध्या गिऱ्हाइकाला रॅम विकायचा धंदा आता बंद. ३२ जीबीची जी जोडी गणपतीच्या सुमाराला हसत घेता आली असती तिचा भाव तिप्पट. म्हणजे कुठेतरी अमेरिकेत एक यंत्र "मांजराचं पत्र लिहून दे" या विनंतीवर विचार करतं आहे, आणि त्यासाठी वझिरा नाक्यावरच्या हळदी-समारंभाला रॅम मिळत नाही. यंदा १७ मेपासून अधिक ज्येष्ठ आहे. धोंड्याच्या महिन्यात जावयाला ३३ अनारसे देतात. सासूबाईंना मी सुचवून ठेवलंय की ३२ जीबी दिली तरी चालेल, एक मी सोडून देतो.

सगळं जमवून आकडा लाखाच्या बराच वर गेला. मग जोडणीवाल्या पोराने टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि कामाला लागला. मी पुडीतला स्क्रू पुढे केला. "इसको कहीं पे लगा दो." का, असं त्याने विचारलं नाही. बोटांत फिरवून बघितला, "जुना माल चांगला असतो" असं मराठीत म्हणाला आणि मागच्या झाकणाला लावून टाकला. त्या रस्त्यावर आईसारख्या अनेक आयांचे स्क्रू लागत असावेत.

परतीला लगेजच्या डब्यात चढलो. सोबत दोन कोळिणी, रिकाम्या पाट्या आणि पाट्यांमधून न गेलेला बोंबिलांचा दरवळ. खोक्यावरच्या चित्राकडे बघून एकीने विचारलं, "काय हाय रं त्यात?" म्हटलं, कॉम्प्युटर आहे मावशी, लग्नाच्या शूटिंगचा. "कितीला परला?" सांगितलं. तिने दुसरीकडे बघितलं, दुसरीने माझ्याकडे. "एवऱ्यान होरीचं इंजिन येल," ती म्हणाली. मग खोक्याला पाट्या लागू नयेत म्हणून तिने स्वतःचा पाय मध्ये घातला आणि अंधेरीपर्यंत तसाच ठेवला.

नवं मशीन आवाज करत नाही. हीच त्याची पहिली तक्रार. दुकानातला मुलगा बटण दाबून सवयीने वडापाव आणायला निघाला आणि पायरीवरूनच परत आला. पूर्वी रात्रभर चालणारा रेंडर चहा गार व्हायच्या आत संपतो. मोजे वाळत नाहीत. गिऱ्हाइकाला "रेंडरला लावलंय" हे सांगून जे चार दिवस मिळायचे ते गेले. आमच्या धंद्यात हे वाक्य म्हणजे डॉक्टरांचं "रिपोर्ट येऊ देत" होतं, आणि ते नवं मशीन घेऊन मी स्वतःच्या हाताने बुडवलं असं इतर स्टुडिओवाले म्हणतात.

खरा वेळ गेला जुन्यातलं नव्यात आणण्यात. मागाहून जोडलेल्या डिस्का धरून चार टीबी म्हणजे चांगल्या वेगानेही सात-आठ तास. पण वेळ कॉपीला लागत नाही, फोल्डर उघडून बघण्यात जातो. निम्मी लग्नं अर्धवट आहेत. चार हजार फोटोंतले दोनशे निवडून द्यायचे असतात. "या रविवारी बसतो आणि देतो" असं सांगून गेलेली जोडपी आता मुलाच्या शाळेच्या फॉर्मसाठी पासपोर्ट फोटो काढायला येतात आणि माझी नजर चुकवतात. काहींचे शेवटचे पैसे यायचेत. काहींचं लग्नच राहिलं नाही, पण त्यांचं फोल्डर डिलीट करायचं कुणाला विचारून, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. दोघांपैकी कुणालाही विचारलं तरी दुसऱ्याची बाजू घेतल्यासारखं होतं.

एक लग्न दोन फोल्डरांत आहे. एकाचं नाव 'मामांसह', दुसऱ्याचं 'मामांशिवाय'. लग्नानंतर तिसऱ्या आठवड्यात जमिनीवरून बिनसलं आणि वधूपक्षाचा निरोप आला: मामांना काढा. आता वधूचे मामा म्हणजे मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या पाठीशी उभा राहणारा माणूस. तो कापायचा तर नवरी कापावी लागते. जुन्या मशीनवर उपाय एकच होता, चित्र मोठं करत न्यायचं. त्यामुळे त्या व्हिडिओत 'सावधान'च्या आसपास पडद्यावर नुसती नथ दिसते. पुढे जमिनीचं मिटलं, मामांना परत घातलं. गेल्या गणपतीत पुन्हा बिनसल्याचं कानावर आलं. दोन्ही फोल्डर नव्यात घेतले आहेत.

उरलं जुनं मशीन. भंगारवाला किलोवर मागत होता. मेकॅनिक म्हणाला, डिस्क काढल्याशिवाय देऊ नका, नाहीतर गल्लीतली सगळी लग्नं चोरबाजारात दिसतील. शिवाय ई-कचऱ्याचे नियम आहेत, नोंदणी झालेल्या रिसायकलरकडेच द्यायचं असतं. तो येऊन घेऊन जाणार हे ठरलंही होतं. मी कॅबिनेट पुसून ठेवलं, आईने लांबूनच नमस्कार केला.

त्याच आठवड्यात मागच्या सोसायटीतले एक गृहस्थ प्लॅस्टिकच्या पिशवीत तीन मिनी-डीव्ही टेपा घेऊन आले. २००६ चं लग्न. यंदा वीस वर्षं होतायत, बायकोला रील करून द्यायचंय. तीस सेकंदांचं. मी टेपा हातात घेतल्या आणि नव्या मशीनभोवती एक प्रदक्षिणा घातली. टेप चढवायला फायरवायर कार्ड लागतं, माझ्याकडचं कार्ड लावायला मदरबोर्डवर जुनी खाच लागते, आणि लाखाच्या वर मोजून आणलेल्या या वस्तूत ती खाच नाही. जुन्यात आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपचं कार्ड, त्या काळी एडिटर लोक दुकानदाराला उलटं करून दाखवायला लावायचे तसलं.

रिसायकलरला फोन करून नको म्हणून सांगितलं. मेकॅनिक खोडरबर घेऊन आला. मागच्या झाकणाचा एक स्क्रू कमी होता, तिथे त्याने नव्याच्या खोक्यात उरलेला लावला, त्यामुळे आईच्या शास्त्राप्रमाणे आता तेही मशीन नवीन झालं असावं. तीनदा शिटी वाजवून ते उठलं. इंटरनेट काढून टाकलं होतं, तेव्हा विंडोजचा आधार गेल्याचं त्याला कळायचं कारण नव्हतं. टेप तासाची असेल तर उतरवायला तासच लागतो, तिला घाई करता येत नाही. गृहस्थ म्हणाले, मी बसतो.

ते बसले. हॉल दिसला, हॅलोजन दिसला, जिलेबी खाणारे लोक दिसले. मंगलाष्टकं सुरू झाली तसे ते खुर्ची ओढून पुढे सरकले. नवरीच्या मागे सफारी घातलेला एक माणूस हात जोडून उभा होता.

"हे मामा," ते म्हणाले. थोडा वेळ गप्प राहिले. "यांना काढता येईल का?"

"येईल," मी म्हटलं, आणि नव्या मशीनकडे बोट दाखवलं. "पण ते त्याच्यावर. त्याचे पैसे वेगळे."